मावशीची गाठ आणि आमचं पत्रक

माझ्या मावशीवर अन्याय झाला तो पोळ्याच्या करीच्या दिवशी, दुपारी सव्वा वाजता, शेडनेटच्या दारात, जेवणाच्या सुट्टीत. त्याला आता पाच वर्षं होतील. वेळ मला इतकी पक्की ठाऊक आहे कारण तो अन्याय मी केला आणि केल्यावर लगेच घड्याळ पाहिलं. पुढच्या गावाला जाणारी जीप दीडची होती.

आमच्या संघटनेत पत्रक लिहायला शिकवतात तेव्हा पहिला धडा हाच असतो. कोणावर, कधी, कोणी, हे पहिल्या दोन ओळींत आलं पाहिजे. वाचणाऱ्याला उगाच ताटकळत ठेवायचं नाही. एकोणिसाव्या वर्षापासून मी हे करते आहे. 'कोणी' या जागेवर मी आजवर ठेकेदार लिहिला, मालक लिहिला, साहेब लिहिला. तिथं स्वतःला लिहायची वेळ पहिल्यांदाच आली आहे.

मावशीचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, धाडच्या अलीकडे. माझे आई-बाबा कामासाठी सुरतेला गेले तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला मावशीकडे ठेवलं, ते थेट सातवी होईपर्यंत. शेतात जाताना ती मला पाठीवर घ्यायची. मी तिच्या गळ्याला विळखा घालून, तोंड तिच्या मानेत खुपसून लटकलेली. तिच्या मानेवर, मागच्या बाजूला जरा डावीकडे, कातडीखाली एक गाठ होती. तेव्हा बोराएवढी असेल. मी तिला अंगठ्यानं दाबत बसायची. दाबली की ती बाजूला सरकायची, बोट काढलं की जागेवर यायची. कणकेसारखी मऊ. मावशी म्हणायची, "सोड ना वं, काय लागलं तुले." पण मान हलवायची नाही. घर ते शेत एवढ्या वाटेत माझ्याजवळ तेवढंच खेळणं असायचं. अजूनही एसटीत पुढच्या सीटवर कुणी बाई अंबाडा घालून बसली की माझा अंगठा उगाच हलतो.

गाठ दुखत नव्हती. गावातल्या बाया म्हणायच्या, क्रॉसिंगच्या कामानं आली. क्रॉसिंग म्हणजे शेडनेटमधलं बियाण्याचं काम. हिरव्या जाळीच्या मांडवात मिरचीची झाडं असतात. बायांनी दुपारी चिमट्यानं एकेक कळी उघडायची, आतला नर भाग काढून टाकायचा, खूण म्हणून रंगीत दोरा बांधायचा आणि दुसऱ्या सकाळी त्या फुलाला दुसऱ्या जातीचा पराग लावायचा. तोही बोटात घातलेल्या पोकळ अंगठीत भरून. दिवसभर मान खाली. कळी फाटली तर बियाणं गेलं. मावशीचा हात त्यात असा चालायचा की बियाणं कंपनीचा माणूस नव्या पोरींना तिच्या ओळीत उभं करायचा. सगळ्यांच्याच माना दुखायच्या, त्यामुळे मावशीच्या मानेवरच्या गाठीचं कुणाला नवल वाटलं नाही. कुणी शेकायला सांगितलं, कुणी चुना लावायला. तिनं दोन्ही केलं आणि विसरून गेली. गाठ सावकाश वाढत लिंबाएवढी झाली. अंबाड्याखाली झाकून जायची.

आता पत्रकाचं सांगते.

बुलढाण्यात एका झेरॉक्सच्या दुकानावर आमच्या संघटनेची खोली आहे. क्रॉसिंगच्या बायांसाठी आरोग्याचं पत्रक काढायचं ठरलं होतं. एका डॉक्टरबाईंनी आम्हाला स्तनांच्या कॅन्सरची माहिती सोप्या भाषेत लिहून दिली. स्तनात न दुखणारी, घट्ट गाठ लागली तर दुखत नाही म्हणून गप्प बसू नका, लगेच दाखवा, असं त्यात होतं. चांगली माहिती होती. ती छापण्याजोगी करायचं काम माझ्याकडे आलं.

आमच्यातले जुने कार्यकर्ते म्हणाले की तो शब्द नको. पत्रक पारावर वाचलं जाईल, पोरं हसतील, बाया हातात धरणार नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. स्त्रीमुक्तीवर तासतास बोलणारे आम्ही. मीही डोलावली. जिथं जिथं 'स्तनातली गाठ' होतं तिथं 'अंगावरची गाठ' केलं. 'घट्ट' हा शब्द ओळीत बसत नव्हता, तो काढला. मग मला वाटलं की हे फार मिळमिळीत झालं, म्हणून मथळा माझ्या मनानं घातला: 'न दुखणारी गाठ हीच मरणाची गाठ'. सगळ्यांना आवडला. कुणीतरी म्हणालं, आता कसं धारदार झालं.

पोळ्याच्या करीला गावात सगळं सुस्त असतं, पण शेडनेट चालू होतं, कारण फूल सणासाठी थांबत नाही. बाया दारात बसून कालच्या पुरणपोळ्या खात होत्या. मी आणि दोघं जण पोहोचलो. मी सगळ्यांना पत्रकं दिली आणि मावशीच्या हातात देताना म्हटलं, "वाच बरं मावशी, महत्त्वाचं हाये." ती म्हणाली, दोन घास खाऊन जाय. मी म्हटलं, जीप चुकंल. मावशी चौथी शिकलेली, पण पुडीचा कागदसुद्धा वाचून मग टाकते. तिनं माझ्यादेखतच वाचायला घेतलं होतं. ती वाचत असताना मी निघाले.

त्यानंतर मावशी बदलली. मला ते हळूहळू कळलं आणि कळलं तेही चुकीचं.

दिवाळीला गेले तेव्हा तिनं डोक्याला रुमाल बांधलेला. घरातही. मी म्हटलं, बस, तेल लावून देते. आमचा तो ठरलेला कार्यक्रम होता. ती पायरीवर खाली बसायची, मी वर, आणि केस विंचरता विंचरता ती मला झाडून काढायची. किती वाळली, नखं काऊन वाढवली, फोन काऊन उचलत नाही. त्या वेळी म्हणाली, राहू दे, आत्ताच धुतले केस. पुढच्या खेपेलाही तेच. मग तिनं मला चहा द्यायची पद्धत बदलली. आधी स्टीलच्या गिलासात, तिचा अर्धा झाला की उरलेला माझ्याकडे सरकवायची. आता माझा वेगळा, कपबशीत. शेजारी झोपायची ती ओसरीत झोपायला लागली. आणि रागावायची बंद झाली. हे सगळ्यात वाईट होतं. मी दोन महिन्यांनी गेले तरी म्हणायची, कामं असतात तुले, मी समजून घेते.

मी काय समजले? मी समजले, मावशी माझ्या कामावर नाराज आहे. त्याच वर्षी आम्ही क्रॉसिंगच्या बायांच्या मजुरीसाठी तहसीलवर मोर्चा नेला होता. शेडनेटचे मालक गावातलेच, रोज तोंड दिसणारे. त्यांनी तिला काही ऐकवलं असणार. मी पेटले. माझ्या घरचीच बाई मालकाला भिऊन मला परकी करते, हे मला सहन होईना. एकदा मी तिच्या ओसरीत बसून तिला चांगलं दहा मिनिटं भाषण दिलं. शेवटी म्हटलं, "तुले भीती वाटते, मावशी. कबूल कर."

ती मिरच्यांची देठं खुडत होती. म्हणाली, "हाव. वाटते भीती."

मला वाटलं, जिंकले. नंतर मी जाणं कमी केलं.

चार वर्षं अशीच गेली. मग गेल्या हंगामात एका सकाळी मुकादमिणीचा फोन आला. ही मावशीच्या टोळीची मुकादमीन, पन्नाशीची बाई, तिला सगळं गाव मुकादमीनच म्हणतं आणि ती कुणालाही सोडत नाही.

"मोर्च्यावाल्या बाई," म्हणाली, "जरा घरचंही निवेदन घ्या."

मी विचारलं, काय झालं.

"तुही मावशी म्हणते, पुढच्या साली माही ओळ दुसरीले दे, मी राहीन नाही राहीन. म्हटलं कुठं चालली, सुरतेले? त हसते नुसती. बकरी विकली तिनं. चांगल्या दोन साड्या मले देऊन राह्यली. मी काय तिच्या साड्या नेसू? माह्यावर हिरवा रंग खुलतो काय?" मग तिचा आवाज खाली आला. "ये बाई तू. मले तिचं लक्षण बरं दिसत नाही."

मी त्याच दिवशी गेले. दुपार होती. मावशी घरीच होती, अंग दुखतं म्हणून कामावर गेली नव्हती. मी सरळ विचारलं. तिनं आधी टाळलं. मग रुमाल सोडला, अंबाडा वर धरला आणि पाठ माझ्याकडे केली. गाठ मोसंबीच्या मापाची झाली होती.

"हे तं तुले माहीतच हाये," म्हणाली.

मी म्हटलं, ही तर जुनी गाठ.

"जुनीच. आन् दुखत नाही." मग तिनं पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं, "न दुखणारी गाठ हीच मरणाची गाठ."

माझा मथळा. काना, मात्रा, सगळं बरोबर.

मी म्हटलं, "मावशी, ते पत्रक होतं गं. कुणीही काहीही लिहिते."

"कुणीही कसं? तू दिलं ना. दुसऱ्या कोणी दिलं असतं तं शेंगदाणे बांधले असते त्यात." मग म्हणाली, "माह्या गाठीले हात लावणारी तू एकटी. लहानपणापासून तुलेच ठाऊक. मले वाटलं, पोरीले समजलं हाये. तोंडानं सांगता येत नाही, म्हणून कागद हाती देते, आन् दोन घास खायलेही थांबत नाही. म्हटलं, मरणाचीच हाये तं दवाखान्यात दाखवून काय होते, आन् आपण बोललो तं तिचंच अवघड होईन. म्हणून मी गप्प राह्यली."

चार वर्षं ही बाई माझी समजूत काढत होती. कपबशी वेगळी का, तर मला लागण होऊ नये म्हणून. ओसरीत का, तर तिच्यावाचून राहायची मला सवय व्हावी म्हणून. रागवत का नव्हती, तर मागं माझ्याजवळ रागाची आठवण राहू नये म्हणून. आणि मी तिला भित्री म्हणून आले होते.

मथळा मीच लिहिला, हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. ते मागाहून सांगितलं. त्या दिवशी मला घाई एवढीच होती की ही गाठ खरंच मरणाची आहे की नाही, हे कळावं. कारण मलाही माहीत नव्हतं. पाच गावांत वाटलेलं पत्रक लिहिणारीला माहीत नव्हतं.

दुसऱ्या सकाळच्या गाडीनं आम्ही बुलढाण्याला गेलो. मावशीनं नवं लुगडं नेसलं होतं आणि वाटभर ती खिडकीतून असं पाहत होती की मला तिच्याकडे बघवेना. दवाखान्यातला सर्जन माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. त्यानं गाठ कधीपासूनची ते विचारलं. मावशीनं माझ्याकडे हात केला. "ही माह्या पाठीवर बसत होती तवापासून." तो हसला आणि त्यानं गाठ चाचपायला घेतली. कातडी चिमटीत धरून वर उचलली, गाठ बोटानं ढकलली, कडा तपासल्या, मग गळ्याच्या दोन्ही बाजू आणि काखा पाहिल्या. एकदम वाढली का, दुखते का, हाताला मुंग्या येतात का, वजन उतरलं का, सगळं विचारलं.

"चरबीची गाठ दिसते, मावशी," तो म्हणाला. "लायपोमा म्हणतात. कॅन्सर वाटत नाही."

मावशीचा विश्वास बसला नाही. म्हणाली, "हात लावून कसं समजते तुमाले? छापलेलं वेगळंच हाये."

तेव्हा त्यानं जे केलं त्याबद्दल मी त्याची कायमची ऋणी आहे. त्याच्या दारात रांग होती. तरी त्यानं मावशीचा हात धरून तिच्याच मानेवर नेला, तिचं बोट गाठीच्या कडेला ठेवलं आणि दाबायला लावलं. "सरकली ना बोटाखालून? वरची कातडी मोकळी आहे ना? मऊ आहे ना? आम्हाला जिची भीती वाटते ती बहुतेक दगडासारखी टणक असते, आत चिकटलेली असते, हलत नाही, भराभर वाढते. तरी नुसत्या हातावर मी जाणार नाही. मोठी आहे, सोनोग्राफी करू, सुईनं थोडा भाग घेऊन तपासू."

मावशीनं चार वर्षांत त्या गाठीला बोट लावलं नव्हतं. अंघोळीतसुद्धा नाही, असं तिनं मागून सांगितलं. आता ती त्या खुर्चीवर बसून दाबत राहिली. पुढच्या पेशंटनं आत डोकावलं तरी दाबत राहिली.

तपासण्या चांगल्या आल्या. डॉक्टर म्हणाला, त्रास नसेल तर काढलीच पाहिजे असं नाही. पण मोठी झाली आहे आणि तुमचं काम मान वाकवायचं, काढायची असेल तर काढू. मानेच्या मागची चरबी जरा चिवट असते, घट्ट धरून बसते, त्यामुळे पाठीवरच्या गाठीसारखी पटकन सुटत नाही, वेळ लागेल. मावशी म्हणाली, काढा, आन् मले दाखवा. दाखवल्याबिगर माह्या जिवाले पटणार नाही.

ऑपरेशन सकाळी झालं. तिला पालथं झोपवून, मानेपुरतीच भूल देऊन. ती जागी होती. मी बाहेर बाकावर, सोबत मुकादमीन, जी एक दिवस टोळी वाऱ्यावर सोडून आली होती. मी रडायला लागले तेव्हा तिनं मला विचारलं की मोर्च्यात अशीच रडते काय. मग स्वतःच पदरानं नाक पुसलं.

तासाभरानं नर्सनं काचेची बाटली आणून मावशीला दाखवली. मावशी स्ट्रेचरवर कुशीवर होती, मानेला जाड पट्टी आवळलेली. बाटलीत पाण्यासारख्या औषधात एक पिवळा गोळा, मक्याच्या दाण्यांचा झुबका असावा तसा, वरून पातळ पापुद्रा. हा गोळा तपासायला जाणार, पक्का रिपोर्ट यायला दिवस लागतील, असं नर्स म्हणाली. मावशीनं बराच वेळ पाहिलं.

"एवढंच?" म्हणाली.

मुकादमीन म्हणाली, "इतकी वर्सं पोसलं. बारसं तरी करायचं होतं."

मावशी हसायला गेली आणि मान दुखली म्हणून थांबली. टाके निघाले, रिपोर्ट आला. त्यात वाईट काही नव्हतं. साधी चरबी.

इथं गोष्ट आनंदात संपायला हवी, असं मला पुष्कळ जणांनी सांगितलं. आमच्या खोलीतल्या एकानं तर सुचवलं की मावशीचा फोटो टाकून यशोगाथा काढू. मी त्याला काय म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही.

मावशी बरी आहे. कामावर जाते, ओळ तिचीच आहे. पण चार वर्षं ती मला सोडायचा सराव करत होती, आणि सराव पक्का झाला आहे. मी जाते तेव्हा ती मला खुर्ची देते. माझ्यासमोर फडकं मारून ती खुर्ची पुसते. चहाला साखर किती, हे विचारते. माझी साखर. फोन केला नाही तर विचारत नाही. मी जाणूनबुजून नखं वाढवून गेले एकदा. तिनं पाहिली, आणि म्हणाली, छान दिसतात. मी परतीच्या गाडीत ती दातांनी कुरतडली.

मथळा माझा होता हे सांगितलं तेव्हाही मला वाटलं, आता तरी फाडून खाईल. मी वाट पाहत होते. ती म्हणाली, "तुह्या मनात वाईट नव्हतं." असं परक्या माणसाला म्हणतात. मला माझी ती शिव्या देणारी, अंबाडा सोडून पायरीवर बसणारी बाई हवी आहे, आणि ती कोणत्या कार्यालयात अर्ज दिल्यावर मिळते ते मला माहीत नाही. बसल्या बसल्या मी हिशोब करते: त्या दिवशी दीडची जीप सोडली असती, एक पोळी खाल्ली असती, तर तिनं पत्रक पुढ्यात धरून विचारलं असतं, हे काय लिहिलंय गं. आणि मी म्हटलं असतं, मावशी, हे छातीच्या गाठीबद्दल आहे, आम्हाला शब्द लिहायची लाज वाटली. एवढंच लागत होतं. साधं वाक्य.

आता आम्ही तो शब्द छापतो. पारावर पोरं हसली. दोन दिवस. मग थांबली.

तुमच्याकडे मागणी आहे. तुमच्या घरात एक बाई आहे जी गेल्या काही दिवसांत गप्प झाली आहे, रुसली आहे असं तुम्ही ठरवून टाकलं आहे. तिला पत्रक देऊ नका, व्हिडिओ पाठवू नका. आज संध्याकाळच्या आत तिच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, तुला कशाची भीती वाटते. अंगावर काही असेल तर तिला एकटीला रांगेत उभं करू नका, सोबत जा, डॉक्टरसमोर तिच्या शेजारी बसा. आणि ती उत्तर देईपर्यंत, कितीही वेळ लागला तरी, उठू नका.